राणीच्या माहेरचे मासे

तुमच्या-आमच्या पणजोबांनाही ठाऊक नसेल इतक्या जुन्या काळी एका राजवाड्यात भागू नावाची दासी होती. वाड्यातली तांब्या-पितळेची सगळी भांडी तीच घासायची. चिंच आणि राख घेऊन बसली की काळाकुट्ट हंडासुद्धा लखलखीत होऊनच उठायचा. मळ म्हणून तिला खपायचा नाही!

तिथल्या राणीचं माहेर सात डोंगरांपलीकडे होतं. लग्नात भावाने तिला सात सोनेरी मासे दिले होते. माहेरची आठवण आली की राणी त्यांच्या हौदाकाठी येऊन बसे. हौदाचं पाणी बैलाच्या रहाटाने वर चढे, गोटे, वाळू आणि कोळसा भरलेल्या, एकावर एक रचलेल्या तीन रांजणांतून झिरपे आणि निवळून परत हौदात पडे.

हौद सांभाळणारा म्हातारा थकला, तेव्हा राणीने ते काम भागूकडे दिलं. जाताना म्हातारा म्हणाला, "पोरी, रांजणांना फार हात लावू नकोस हो."

भागूने मान डोलावली आणि मनात म्हणाली, आळशी मेला!

पुढे दिवाळी आली. भाऊबीजेला राणीचा भाऊ येणार अशी वर्दी आली. भागूने रांजणात डोकावून पाहिलं, तर अगं बाई! गोट्यांवर तपकिरी, बुळबुळीत थर.

"शी! पाहुण्यांना हे दाखवायचं?"

तिने पदर खोचला. गोटे आणि वाळू कढत पाण्यात उकळली, खसाखसा घासली, कोळसाही नवा भरला. पाणी असं नितळ झालं की तळाला पडलेली सुई दिसावी. भागू स्वतःवरच खूश झाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाहते तो काय, सातही मासे वर तोंडं काढून धापा टाकत होते. गप्प बसावं, असं क्षणभर वाटलंही. पण राणीचं माहेर त्या सात जिवांत होतं, हे तिला ठाऊक होतं. ती थेट राणीपुढे गेली.

"राणीसाहेब, घोटाळा झाला माझ्या हातून. मी रांजण घासले, आणि मासे…" पुढे तिला रडूच फुटलं.

राणीचा चेहरा पांढराफटक पडला. "रडतेस काय? आधी म्हाताऱ्याकडे पळ!"

म्हाताऱ्याच्या अंगणात दगडी डोण होती, तिच्यात त्याचे दोन मासे आणि वर पाणी झिरपायला गोट्यांचं एक मडकं. भागूचं ऐकून त्याने कपाळाला हात लावला.

"अगं वेडे, तो मळ नव्हता! डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव राहतात त्या थरात. माशांची घाण पाण्यात विष होते आणि ते विष हेच जीव पचवतात. तू माझे सगळे गडी उकळून मारलेस की!"

"आता हो काय करू, बाबा?"

"या मडक्यातले अर्धे गोटे ने आणि वरच्या रांजणात टाक. धुऊ नकोस, सुकू देऊ नकोस. हौदातलं अर्धं पाणी काढून विहिरीचं ताजं घाल. आणि चार दिवस माशांना दाणा दाखवू नकोस. पोटात कमी गेलं, की घाणही कमी."

मळाचा ठिपका न खपणारी भागू, पण तिने ते बुळबुळीत गोटे आपल्या नव्या लुगड्याच्या ओल्या पदरात बांधले आणि धावत सुटली.

दोन दिवस ती हौदाकाठून हलली नाही. रोज अर्धं पाणी बदलत राहिली. भाऊबीजेच्या सकाळी एक मासा शेपटी हलवत तळाशी गेला, मग दुसरा, मग तिसरा. राणी पायरीवर बसून मोजत होती. सातवा खाली गेला तेव्हा तिच्या जिवात जीव आला. ती हसतही होती आणि डोळेही पुसत होती. भागूने तर चक्क हौदालाच हात जोडले.

दुपारी ओवाळून झाल्यावर भाऊ हौद पाहायला आला. वरच्या रांजणात डोकावून म्हणाला, "ताई, भांडी आरशासारखी आणि हे गोटे इतके घाणेरडे? कुणाला तरी घासायला सांग."

"हात लावाल तर खबरदार!" भागू ओरडली आणि लगेच जीभ चावली.

राणीला इतकं हसू आलं की तिला बोलताच येईना. आणि माहेरचे सातही मासे पुढे कितीतरी दिवाळ्या त्या हौदात मजेत पोहले.

म्हणून लहानथोरांनो, मळ दिसला तरी घासण्याआधी विचारून घ्यावं, की तो तिथे कुणाचा जीव तर राखत नाही ना.