पुढची जागा

"पण तू तिथं गेलासच कशाला?"

भवानगीर बाबांनी कफनीला टाका घालता घालता विचारलं. नदीकाठच्या मठात दोघेच होते. सकाळी गावच्या मैदानात एका दरोडेखोराला हत्तीच्या पायी दिलं होतं. बाबांचा सगळ्यात विद्वान शिष्य निळकंठ तिथूनच परतला होता.

"देह नश्वर आहे हे ग्रंथात वाचलं होतं, बाबा. आज प्रत्यक्ष पाहिलं."

"उभा कुठं होतास?"

"पुढं. गर्दी अडवायला बांधलेल्या दोराला लागून."

"सारा गाव लोटला होता म्हणतात. पुढं जागा कशी मिळाली?"

"उजाडायच्या आत गेलो होतो..."

बाबांनी दोरा ओढला.

"हत्तीला यायला उशीर झाला," निळकंठ आपणहून सांगू लागला. "ऊन चढलं. शेजारच्यानं फुटाणे दिले."

"खाल्लेस?"

"...हो."

"बरं."

"मग एक म्हातारी दोराखालून आत शिरली, नेमकी माझ्यापुढं उभी राहिली. मागचे ओरडायला लागले, दिसत नाही म्हणून."

"आणि तू?"

निळकंठाची मान खाली गेली.

"मी तिचा दंड धरून तिला बाजूला केलं."

"कोण होती?"

"तेव्हा माहीत नव्हतं. नंतर लोक बोलत होते... त्याची आई."

सुई थांबली.

"तिनं काही पाहिलं नाही, बाबा," निळकंठ घाईघाईनं म्हणाला. "हत्तीनं पाय उचलला तेव्हा तिची पाठ होती तिकडं. तोंड आमच्याकडं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तरी ती आमच्याकडंच बघत होती."

"लोकांनी?"

निळकंठ आपल्या तळहातांकडं बघत राहिला. मग त्यानं ते उपरण्याखाली घेतले.

"...मीही."

बाहेर नदीवर कुणीतरी धुणं आपटत होतं. तो आवाज बराच वेळ येत राहिला.

"बाबा, मला प्रायश्चित्त सांगा. त्याच्या नावानं लाख जप करतो. वर्षभर एकभुक्त राहतो. सांगाल ते करीन."

"जप नको."

"मग?"

बाबांनी दातानं दोरा तोडला.

"तिच्या दारात जा. ती बघेल तेवढा वेळ उभा राहा."