कुशाचे बारावे पान

डोंगराआडच्या एका गावात नारोपंत नावाचा पंतोजी होता. तो गावच्या मुलांना वाचायला शिकवी. राजाने शाळेला चाळीस पानांची पोथी ठरवून दिली होती. प्रत्येक मुलाजवळ तिची नक्कल असे. सगळ्यांनी एका वेळी एकच पान एका सुरात म्हणायचे, असा शिरस्ता होता. मुले खणखणीत म्हणत. गावाला वाटे, पोरे शिकली.

एकदा पंतोजीने धनगराच्या कुशाला पानाच्या मधल्या एका शब्दावर बोट ठेवून विचारले, "हे काय?" कुशा पहिल्या ओळीपासून म्हणत सुटला. त्या शब्दापाशी आला आणि न थांबता पुढे निघून गेला. त्याला एकही अक्षर ओळखता येत नव्हते.

पंतोजीला स्वतःची लाज वाटली. त्याने सूर बंद केला. कुशाला पाटीवर त्याच्याच मेंढ्यांची नावे लिहून दिली. ती वाचता आल्यावर पोथीचे पहिले पान दिले. बुरडाच्या तानीला तिसऱ्या पानापासून धरले. सोनाराची चिमा पोथी संपवून नुसती बसून असायची. तिला लांबलचक गोष्टी लिहून दिल्या. शाळेत गलका वाढला.

वर्ष सरताना राजाचा कारभारी शिपाई घेऊन तपासणीला आला. गलका ऐकून त्याच्या कपाळाला आठी पडली.

"पंतोजी, पंगतीत सगळ्यांना एकच वाढतात."

"वाढतात. पण लहानग्याला पोळी दुधात कुस्करून देतात, कारभारी."

"तोंड आवरा. चाळिसावं पान ज्याला येत नाही, त्याला आजच घरी पाठवा. नाहीतर शाळेला कुलूप."

सगळ्यांनी कुशाकडे पाहिले. कुशा पाटी बगलेत मारून उठला.

"बस खाली," पंतोजी म्हणाला. "कितव्या पानावर आहेस?"

"बाराव्या."

शिपाई हसले. "वर्षात बारा! याच्या मेंढ्या चौदा वाचतील."

"बाराव्यावर कुठंही बोट ठेवा, कारभारी."

कारभाऱ्याने तळाशी बोट ठेवले. कुशाने वाचले. मध्ये ठेवले. वाचले. एका जोडाक्षरावर तो अडखळला, पण पहिल्या ओळीकडे पळाला नाही.

कारभाऱ्याने पोथी मिटली. मग म्हणाला, "हुकूम चाळीस पानांचा आहे."

"मग घाला कुलूप. मी पोर काढणार नाही."

शिपायांनी मुलांना बाहेर काढून कुलूप घातले. चिमाचा बाप तणतणत आला. "एका धनगराच्या पोरापायी माझ्या पोरीची शाळा घालवता?"

"तुमची पोर रिकामी बसून असायची, तेव्हा तुम्ही कुठं होता?"



कारभारी घोड्यावर चढत होता. त्याच्यादेखत पंतोजी बंद दारासमोर ओट्यावर बसला. "कुशा, तेरावं पान काढ."

कुशाने काढले. तानी बसली, चिमा बसली. मग बाकीचीही बसली, ज्याचा त्याचा धडा मांडीवर घेऊन. पुढे ऊन चढले की शाळा झाडाखाली भरे, पावसात कुणाच्या तरी गोठ्यात. कुलूप दारावर गंजले.

तात्पर्य: जो ज्या पानावर आहे, तिथूनच त्याला पुढे न्यावे. त्यासाठी कुणी दार बंद केले, तर दाराबाहेर बसून शिकवावे. मागे राहिलेल्याला मात्र सोडू नये.