दोन घरांत दोन कोंबड्या

एका गावाच्या पेठेत भिकोबा नावाचा एक गवंडी राहत होता. त्याला दोन मुलगे, थोरला रावसाहेब आणि धाकटा आनंदा. सुनाही दोन, थोरली वैजंता आणि धाकटी शालन. भिकोबानं आयुष्यभर लोकांची घरं बांधली. मुलगेही गवंडी झाले, आणि त्यांनी बापाच्याच घरात मधोमध भिंत घातली. चुली दोन झाल्या. जावाजावांचं बोलणं बंद झालं. भांडी वाटली, अंथरुणं वाटली, मग म्हातारा उरला. त्याचे काही दोन तुकडे करता येईनात, म्हणून पाळी लावली. एक आठवडा थोरल्याकडं, एक धाकट्याकडं. रविवारी दिवेलागणीला पाळी बदलायची. त्याची बाज मात्र बाहेर ओट्यावर, दोन दारांच्या मध्ये.

एका हिवाळ्यात भिकोबाला ताप भरला. ताप उतरला, पण अंगात ताकद म्हणून उरली नाही. डॉक्टरनं दोन्ही मुलांना बजावलं, की औषध झालं, आता पोटात कोंबडीचं अळणी, म्हणजे बिनतिखटाचं पातळ कढण, जाऊ द्या, नाहीतर म्हातारा हातचा जाईल.

पेठेत तेव्हा काचेचं मोठं सुपरमार्केट निघालं होतं. आत बर्फाच्या कपाटात साफ केलेल्या कोंबड्या, आणि दारातच सळीवर गरगर फिरणाऱ्या भाजक्या कोंबड्या. पण मिळायची ती सबंध. अर्धी मागितली तर देत नसत. पाळी वैजंताची होती. तिनं हिशेब मांडला, की वाटीभर अळण्यासाठी सबंध कोंबडी आणायची आपण, आणि म्हातारा उठून बसायचा जावेच्या पाळीत. शालन म्हणायची, थोरल्यांनी थोरपण दाखवावं. असा तो आठवडा गेला. म्हातारा ज्वारीच्या कण्या पाण्यात कालवून गिळत राहिला.

रविवारी रावसाहेबाच्या पोरांनी हट्ट धरला, तसा तो भाजकी कोंबडी घेऊन आला. वास भिंतीपलीकडं गेला. शालन नवऱ्याला म्हणाली, “त्यांच्यात सण, आणि आपल्यात काय सुतक आहे?” आनंदाही उठला आणि तसलीच एक घेऊन आला.

दिवेलागण झाली. वैजंता धरून चालली, की पाळी बदलली, आता ते वाढतील. शालन धरून चालली, की दिवसभर त्यांच्याकडंच होते, कोंबडीही आलीय, जेवले असतील. गारठा होता, म्हणून दोन्ही दारं लावून घेतली.

भिकोबाला दोन्हीकडून वास आला. तो कसाबसा उठला, तांब्यातल्या पाण्यानं हात धुतले आणि वाट बघत बसला. हात वाळले. मग तो तसाच आडवा झाला.

सकाळी शेजारची सगुणाकाकू पाण्याला निघाली, तर म्हातारा बाजेवरून खाली पडलेला, कपाळाला खोक. तिनं त्याला टेकून बसवलं आणि दोन्ही दारांत ऐकू जाईल असं विचारलं, काल जेवलात काय म्हणून.

भिकोबानं बघितलं, दोन्ही सुना दारात येऊन उभ्या होत्या. तो हळूच म्हणाला, “पोटभर जेवलो बाई. दोघींनीही वाढलं.”

सगुणाकाकू म्हणाली, “दोघींनी वाढलेल्या माणसाला बसता येईना व्हय?”

दोघींनी खाली बघितलं. मग शालन बोलली. “अक्का, तुम्ही वाढलं नव्हतं?”

वैजंता म्हणाली, “मला वाटलं, तू वाढलंस.”

किती वर्षांनी त्या बोलल्या, आणि बोलल्या त्या एवढंच.

वैजंतानं चूल पेटवली. शालन दुकानातून कोंबडी घेऊन आली. एका पातेल्यात अळणी शिजलं. एकीनं मान धरली, दुसरीनं चमच्यानं पाजलं. म्हातारा वाचला, पण पायांतली ताकद काही परत आली नाही. पुढं दोघी सुनाच त्याला उचलून उन्हात नेऊन बसवायच्या. तो त्यांना कधी एका शब्दानं बोलला नाही, आणि तेच त्यांना जड जायचं.

बायका एक झाल्या, तशी भावांनीही कामं एकत्र घ्यायला सुरुवात केली. आजवर एकेकट्याला न मिळणारी मोठी कामं चालून आली. वैशाखात रावसाहेबाच्या मुलीचं चांगल्या घरी लग्न झालं. मुलांनी म्हाताऱ्याला उचलून मांडवात आणलं, आणि त्याच्या हातच्या अक्षता नातीच्या डोक्यावर पडल्या.

तात्पर्य: ज्याला दुसरं कुणीतरी वाढेल असं सगळेच धरून चालतात, तो भरल्या घरात उपाशी राहतो.