तेवीस नंबरचा काटा

डोंगरउतारावरच्या त्या राज्यात एक टाकी होती, एकोणचाळीस व्हॉल्व्ह होते आणि एकशे एकोणीस आमदार होते. टाकी माथ्यावर. पाणी जितकं खाली उतरे तितका त्याचा दाब वाढे, आणि तो वाटेत कमी करणं एवढंच व्हॉल्व्हचं काम. एकोणचाळीसपैकी अकरा चालू होते, सतरा गळके, नऊ गंजून घट्ट बसलेले. उरलेले दोन कागदावर होते; जमिनीत सापडले नाहीत. आमदारांची अशी तपासणी कुणी केली नव्हती.

व्हॉल्व्हची केली ती तुंगानं. ती पाणमांजर, जलखात्यात नवीनच लागलेली. प्रत्येक व्हॉल्व्हवर दाब दाखवणारं गेज होतं, आणि राज्याची रीत अशी, की खंडेनवमीला सगळ्या अवजारांना शेंदूर लावायचा. गेजला तो काचेवरच लागे. अकरा वर्षांचे थर चढले होते. काटा दिसत नसल्यामुळे कारकून रोज दाब ‘चार किलो’ लिहीत; पहिला शेंदूर लागला तेव्हा तो चारवर होता.

तेवीस नंबरच्या खाली घुशींची आळी होती, दोनशे बारा बिळांची. तुंगानं तिथला शेंदूर नखानं खरवडला. काटा नऊवर होता.

“भिवाकाका, हा फुटला तर तुमची आळी बुडेल,” ती म्हणाली.

भिवा घूस बिळाच्या तोंडाशीच बसला होता. “अगं, गेल्या निवडणुकीची आश्वासनंच बिळात मावेनात. पाण्याला जागा कुठंय?”

तुंगा जलमंत्री मोराकडे गेली. “साहेब, नऊ किलो दाब आहे. व्हॉल्व्ह बदलायला हवेत.”

“ते बघू. आधी सांग, शेंदूर कुणाला विचारून खरवडलास?” मोरानं पिसारा फुलवला. “अकरा वर्षांच्या श्रद्धेला नख लावलंस!”

दुपारपर्यंत मोर्चा निघाला. “आमचा शेंदूर, आमची शान! नऊ म्हणेल तो बेइमान!” पुढच्या रांगेत भिवा होता.

“काका, तुम्हीसुद्धा?”

“शेंगा वाटतायत गं. भाजलेल्या.”

विधानसभेत ठराव आला : दाब चार किलो आहे. विरोधी पक्षनेता तरस कडाडला, “आमच्या काळात तीन होता!” मतदान झालं. चारला एकसष्ट मतं, तीनला सत्तावन्न. सभापती कासव तटस्थ. नऊला कुणी उभंच केलं नव्हतं.

मुख्यमंत्री गवा म्हणाला, “बंधू-भगिनींनो, हे चार पायांचं राज्य आहे! दाबही चारच राहील!” पहिली टाळी दोन पायांच्या मोराची होती.

मग उपकरणं बदलण्याचा कार्यक्रम झाला. एकोणचाळीस नवी गेज आली. न सापडलेल्या व्हॉल्व्हनाही एकेक. काटा हलला की जनता घाबरते, म्हणून तो कारखान्यातच चारवर डकवून आणला होता. व्हॉल्व्ह तेच राहिले. घुशींच्या आळीत गव्याच्या हसऱ्या चेहऱ्याचा, दहा फूट उंच अभिनंदनाचा फलक लागला.

तुंगानं भंगारातून तेवीसचं जुनं गेज उचललं, पुसलं आणि नव्याच्या शेजारी जोडलं. काटा अकरावर गेला. ती धावत आळीत आली.

“सरकारी काटा चार म्हणतोय,” भिवा शेंगा सोलत म्हणाला. “तुझा अकरा. मधला धरू का?”

“काटा सोडा, काका. पाइपाला मिशा टेकवा.”

भिवानं टेकवल्या. शेंग हातातच राहिली.

“पोरं उचला रे!” तो ओरडला. “फलकावर चढा!”

शेवटची घूस गव्याच्या भुवईपर्यंत पोहोचली तेव्हा व्हॉल्व्ह फुटला.

पाणी वाहून टाकी रिकामी झाल्यावर तुंगा पोहत तेवीस नंबरपाशी गेली आणि तिनं वहीत लिहिलं :

आळीतलं पाणी : तीन फूट दोन इंच.
फलकावर : दोनशे बारा कुटुंबं.
जुना काटा : शून्य.
नवा काटा : चार.