सगळं आठवणारा नवरा

जपानातल्या वासुरेदानी गावाच्या वर, सुगी नावाच्या उंच, सरळसोट झाडांमध्ये एक लहानसे तळे आहे. नाव ऐकून कुणी वासरू शोधत बसू नये; वासुरे म्हणजे विसरणे. पाणी असे निवांत, की बडबडे पर्यटकही तिथे पोचल्यावर आपोआप आवाज खाली आणतात. मात्र जोडप्याने आलात, तर बायकोने नवऱ्याला लग्नातली एखादी गोष्ट विचारायची, हा तिथला रिवाज. नवऱ्याने बरोबर सांगितले, की गावकरी वाकून त्याला शेपूट आहे का ते बघतात. वाटेवर चहा विकणारे तोकुजी आजोबा याचे कारण सांगतात ते असे.

फार पूर्वी इथे जिनपाची नावाचा एक कोळसा पाडणारा राहायचा. त्याची बायको किनू. एका पानगळीत मोठे वादळ झाले आणि डोंगरावर गेलेला जिनपाची परतलाच नाही. गावाने आशा सोडली, किनूने सोडली नाही. आणि एका दुपारी तो दारात उभा राहिला, म्हणे.

किनू धावली, पण उंबऱ्याशीच थबकली. त्याने वहाणा काढून, टाचा जुळवून नीट लावून ठेवल्या होत्या. जिनपाचीच्या दोन वहाणांची तोंडे एका दिशेला असलेली तिने उभ्या संसारात पाहिली नव्हती. तिने सरकते दार ओढून घेतले, बोटभर फट ठेवून.

“अहो, वाईट वाटून घेऊ नका. पण लग्नात मी कोणता किमोनो घातला होता?”

“फिका जांभळा. बाहीवर बगळे. डाव्या बाहीवर चहा सांडला होता.”

किनूने दार आणखी थोडे ओढले.

“आणि मला निरोप देताना आई काय म्हणाली?”

“म्हणाली, पोर तापट आहे. चुलीसारखी सांभाळा, विझू देऊ नका.”

शब्दन् शब्द खरा. फट आणखी बारीक झाली.

“अरे, कोण आहेस तू?” किनू म्हणाली. अहो गेले, तुम्ही गेले.

“असं काय करतेस? एक तरी उत्तर चुकलं का?”

“तेच तर! माझ्या नवऱ्याला यातलं एकही आलं नसतं.”

बाहेरून एक ओशाळवाणे खाकरणे ऐकू आले. तो होता तानुकी. कुत्र्याएवढे हे रानातले जनावर माणसाचे रूप घेण्यात पटाईत, असे तिकडे सांगतात.

“वर्षानुवर्षं तुमच्या ओसरीखाली बसून ऐकलंय,” तो म्हणाला. “तू सांगायचीस, तो घोरायचा. थंडी तोंडावर आली. वाटलं, चुलीजवळची जागा रिकामी आहे.”

“रिकामी आहे, हे तुला कसं ठाऊक?”

आता तानुकीला पळवाट उरली नाही. वादळात एक सुगी उन्मळली, जिनपाची तिच्या मुळांत अडकलाय. पाहिला तेव्हा धुगधुगी होती, असे त्याने कबूल केले. तेव्हा किनूने शपथ घेतली: नवरा जिता मिळाला, तर या घरातल्या भाताचा पहिला घास कायमचा तानुकीचा.

शपथ घेतली, तरी विश्वास ठेवला नाही. त्याचे शेपूट मुठीत धरूनच ती डोंगर चढली. वाट जिथे फुटे, तिथे तिला वाटे, हा मला दलदलीत घालतोय. वर खड्ड्यात खरोखरच कुणीतरी कण्हत पडले होते. पण हा त्याचाच भाऊबंद कशावरून नसेल? काठावरूनच तिने ओरडून विचारले, “लग्नात मी कोणता किमोनो घातला होता?”

खालच्या माणसाने कष्टाने डोळे उघडले.

“आं? किमोनो? तुझ्या थोरल्या बहिणीचा होता ना तो... हिरवा?”

किनूने हंबरडा फोडला आणि खड्ड्यात उडी घेतली. तिने हातांनी माती उपसली, तानुकीने नखांनी. जिनपाची बाहेर आला आणि मुळांखालून झरा फुटून खड्डा काठोकाठ भरला, असे सांगतात; तेच हे तळे.

जिनपाची पुढे लंगडत का होईना, खूप जगला, आणि भाताचा पहिला घास शपथेप्रमाणे तानुकीला मिळत राहिला. पण त्या दिवसापासून किनूने किमोनोचा रंग पुन्हा म्हणून त्याच्यासमोर काढला नाही. त्याने विचारले, की ती म्हणायची, “तुम्हाला काय करायचंय?”

आजही वासुरेदानीतल्या बायका लग्नातली एक गोष्ट नवऱ्याला कळू देत नाहीत. तळ्यावर नेऊन तीच विचारतात. तो डोके खाजवतो, भलतेच काहीतरी ठोकून देतो, आणि त्यांचा जीव भांड्यात पडतो.