वळणावरचा हॉर्न

“आणि दुसरा कप?” चिदंबरबुवांनी विचारलं.

“तसाच राहतो. वर साय धरते. मग आई तो मोरीत ओतून देते.”

हेरंब मठाच्या ओसरीवर अगदी ताठ बसला होता. कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारा माणूस, उगाच रडगाणं गात नव्हता. काम घेऊन आला होता.

हेरंबचे वडील, नाना, होते तेव्हा त्यांच्या घरचा रिवाज अख्ख्या गल्लीला पाठ. संध्याकाळी वळणावर नानांच्या लुनाचे दोन हॉर्न वाजायचे. आत त्याची आई, इंदूताई, चहाचं आधण ठेवायच्या, बाहेर हेरंब धावत जाऊन फाटकाची कडी काढायचा. नाना गाडीवरून न उतरताच आत. कडी काढायला उशीर झाला तर दोन दिवस बोलायचे नाहीत पोराशी.

आता नानांचं वर्षश्राद्ध तोंडावर आलेलं. पण वळणावर कुणाचीही गाडी वाजली, दूधवाल्याची का असेना, की इंदूताई उठतात. दोन कप.

“वेड लागलंय म्हणतोस आईला?”

“छे हो, बुवा. साधी सवय आहे. भाकरी देताना रोज घंटा वाजवली, तर पुढे नुसत्या घंटेनंही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतो मी हे. भाकरी यायची बंद झाली की हळूहळू तेही थांबतं.”

“तिचं का नाही थांबलं?”

“वेळ लागतो.”

“किती?”

हेरंबने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

मग तो मूळ मुद्द्यावर आला. आईला शहरात आपल्याकडे न्यायचं ठरवलंय. फ्लॅट चौथ्या मजल्यावर, रस्त्याचा आवाज म्हणून येत नाही. इथल्या घराला कुलूप. पण ती उंबरा सोडायला तयार नाही, बुवा सांगतील तर जाईन म्हणते. तेव्हा बुवांनी तेवढं सांगावं.

“जन्म गेला तिचा त्या घरात...”

“म्हणून तर. तिथे प्रत्येक आवाज तिला नानांकडे ओढतो.”

“आणि तुला?”

“मला?” हेरंब हसला. “मी हे शिकवतो, बुवा. मला यातलं सगळं कळतं.”

“दहाव्याला रडला नाहीस म्हणे.”

“लोक काय, काहीही बोलतात.”

बाहेर अंधारून येत होतं. आत कुणीतरी समई लावली...

“सांगाल ना तिला?” हेरंब म्हणाला. “माझ्यासमोर ती अशी झुरते, ते मला आता—”

खाली रस्त्यावर कुणाची तरी लुना वाजली. दोनदा.

वाक्य अर्धंच राहिलं. हेरंब ओसरीच्या पायरीखाली उभा होता. एक पाय चपलेत, दुसरा मातीत. उजवा हात पुढे, बोटं कडी ओढायला वाकलेली.

मठाला फाटक नव्हतं.

लुना पुढे निघून गेली. तिचा आवाज पार विरला तरी तो हात खाली येईना. बुवा जागचे हलले नाहीत.

“बुवा...” हेरंब म्हणाला.

“घरी जा, हेरंबा,” बुवा म्हणाले. “दुसरा कप निवतोय.”