हिरव्या नाण्यावरचा टाका

एका गावात एक तांबट होता, आणि त्याच्या गल्लीत म्हणे काळं भांडं औषधालाही सापडत नसे. सापडेल कसं? काळं काही दिसलं की गड्याचे हात शिवशिवायचे. शेजारणीने परसात ठेवलेला जुना तांब्यासुद्धा हा न विचारता उचलून आणायचा आणि लख्ख करून परत द्यायचा. शेजारीण खूश, तांबट त्याहून खूश.

त्याच्या बायकोचं नाव द्वारका. दिवेलागणीला माहेरची एकच गोष्ट सांगायची तिला सवय. ती सासरी निघाली तेव्हा आईने आपल्या लुगड्याच्या पदराचा तुकडा फाडला, त्यात तीन ढब्बू पैसे बांधले आणि परसातल्या कढीलिंबाखाली पुरले. म्हणाली, दिवाळीला येशील तेव्हा दोघी मिळून काढू. दिवाळीच्या आधीच आई तापाने गेली. एकटीने उकरायचा द्वारकेला धीर झाला नाही. पुढे घर पडलं, झाड गेलं, जागाही ओळखू येईना. आईचं म्हणून हाताला लागेल असं तिच्यापाशी काहीच नव्हतं, आणि म्हातारपणी तेवढी एकच हुरहुर उरली होती.

एकदा गावात एक भंगारवाला आला. जमिनीतलं लोखंड-तांबं हुडकणारं, टूं टूं वाजणारं यंत्र त्याच्यापाशी होतं. तांबटाने त्याला गाठलं आणि बायकोच्या माहेरी न्यायचं ठरवलं. निघताना द्वारका म्हणाली, "मिळालं तर आहे तसं माझ्या हातात द्या. बाकी काही नको."

तांबटाने मान हलवली. मान हलवायला काय जातं!

पडक्या जोत्यामागे यंत्र वाजलं. हातभर खणल्यावर एकमेकांना चिकटलेली तीन नाणी निघाली, हिरव्या किटाने माखलेली. कापड कधीच मातीला मिळालं होतं. तांबटाचे डोळे भरून आले. सासूला त्याने लग्नातच काय ते पाहिलं होतं. नको नको म्हणताना तिने पानात आणखी एक पुरणपोळी वाढली होती, ते त्याला आठवलं. आणि वाटलं, अशी कळकट नाणी बायकोच्या हातात कशी द्यायची? तांबटाला शोभेल का ते?

घरी आला तो मागच्या दाराने. चिंच, मीठ, राख घेऊन न्हाणीपाशी बसला. नाणी सुटी केली. दोन घासली, ती चमचम करू लागली. तिसऱ्याला चिंच पुरेना, म्हणून त्याने बायकोलाच हाक मारली. शहाणाच की नाही!

द्वारका चिंच घेऊन आली. त्याने कौतुकाने चकचकीत नाणी तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती उलटून-पालटून पाहिली. चांगली होती, पण अशी बाजारात कुठेही मिळाली असती. मग तिने खाली राहिलेलं तिसरं, हिरवं नाणं उचललं आणि उजेडात धरलं. किटावर कापडाची वीण उमटली होती. उभा धागा, आडवा धागा, अगदी स्पष्ट. कापड कुजलं, पण त्याचा ठसा त्या किटाने इतकी वर्षं धरून ठेवला होता.

तिने त्यावरून बोट फिरवलं. "हा आईच्या हातचा टाका," ती म्हणाली. "चुलीची ठिणगी पडून पदराला भोक पडलं होतं, तिथला. लहानपणी मी तो पदर धरून झोपायचे, तेव्हा अंगठ्याला लागायचा." नाण्याच्या कडेशी तिचं बोट थांबलं. "पण इथे अर्धाच आहे. उरलेला अर्धा कुठाय?"

तांबटाने मोरीकडे पाहिलं. हिरवं पाणी केव्हाच वाहून गेलं होतं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, दुसरं काय.

"तू सांगितलं होतंस, द्वारके," तो म्हणाला. "मीच ऐकलं नाही."

तिला फार राग आला, आणि त्याचं उतरलेलं तोंड पाहून तो राग धरताही येईना. तिने हिरवं नाणं आपल्या पदराच्या टोकाला बांधलं. ते शेवटपर्यंत तिथेच राहिलं.

तेव्हापासून कुणी जुनं भांडं आणलं की तांबट आधी विचारायचा, यावरचं काही ठेवायचंय का? लोक हसायचे. ती घासलेली दोन नाणी भिंतीतल्या देवळीत पडून पुन्हा काळी झाली. येताजाता त्याला दिसायची, हातही शिवशिवायचे. पण त्यांना त्याने पुन्हा कधी चिंच लावली नाही.

तात्पर्य विचाराल तर एवढंच: माया करायची तर समोरच्याला काय हवंय ते आधी ऐकावं. आपल्याला जो मळ दिसतो, त्यात कुणाची तरी आई असू शकते.